वहीतला नोव्हेंबर

उसना दिवस

आजारपणाबद्दल लिहिणारे लोक बहुधा निदानाच्या दिवसापासून सुरुवात करतात. डॉक्टरांचा चेहरा, हातातला रिपोर्ट, पायाखालची सरकलेली जमीन वगैरे. माझी पंचाईत अशी, की तो दिवस माझ्याकडे नाहीच. तो माझ्या नवऱ्याकडे, नरेशकडे आहे. थोडासा आमच्या मुलीकडे, श्रावणीकडे आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा मी तो त्या दोघांकडून मागून आणलाय. चवीत फरक लागला तर समजून घ्या.

पनवेलच्या एका ज्युनियर कॉलेजात मी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. एकोणीस वर्षं झाली. बोधावस्था, अध्ययन आणि स्मृती हे तीन धडे मी झोपेतसुद्धा शिकवीन, अशी बढाई मी स्टाफरूममध्ये मारायचे. आता मारत नाही.

हे लिहायला मला रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं. त्यांच्याकडे येणाऱ्या घरच्या माणसांना आधार होईल म्हणाल्या. आधाराचं मला ठाऊक नाही. पण या आजारातून उठलेलं माणूस स्वतःच्याच घरात काय काय हुडकत बसतं, एवढं तरी कळेल.

जानेवारीच्या अखेरीस मला ताप आला. दोन दिवस गोळी घेऊन मी कॉलेजात गेले, कारण बारावीची परीक्षा तोंडावर होती आणि माझ्याशिवाय जगाचं अडतं असा माझा समज होता. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणे मी चहात मीठ घातलं आणि नरेशला माझ्या भावाच्या नावाने हाक मारली. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय, मला तशी खोड आहे. मग मी कंगवा घेऊन टीव्ही बंद करायला लागले, तो बंद होईना म्हणून चिडले, आणि तिथेच पडून मला झटका आला. श्रावणीने मला कुशीवर वळवून डोक्याखाली उशी सरकवली.

पनवेलच्या डॉक्टरांनी लगेच खारघरच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. मणक्यातलं पाणी काढलं, एमआरआय झाला. मेंदूज्वर निघाला, विषाणूमुळे मेंदूला आलेली सूज. डॉक्टरांनी एका कागदाच्या पाठीमागे डोक्याचं चित्र काढून नरेशला दाखवलं. इथे, दोन्ही कानांच्या आत सूज आहे. नव्या आठवणी बसवायचं काम इथून चालतं. जीव वाचेल असं वाटतंय, बाकीचं आत्ता सांगता येणार नाही.

"ती हेच शिकवते," नरेश म्हणाला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या तासाभरातलं नरेशला एवढंच धड आठवतं.

विमान

सिनेमात माणूस डोळे उघडतं, 'मी कुठे आहे?' विचारतं आणि शुद्धीवर येतं. मी वर्गात सांगायचे की जागं असणं वेगळं आणि भान असणं वेगळं. मुलं ते उतरवून घ्यायची. त्या दोन्हींच्या मधल्या जागेत मी तीन आठवडे राहून आले. डोळे उघडे होते, बोलत होते, भरवलेली इडली खात होते, आणि त्यातलं काहीच मागे उरत नव्हतं.

हात खाटेला मऊ कापडाने बांधलेले असायचे, कारण मी सलाइन उपटायचे. हात का बांधलेत ते मी विचारायचे, ते सांगायचे, मला पटायचं. पाच मिनिटांनी बांधलेले हात दिसले की मी पुन्हा घाबरायचे. भीती दर वेळी कोरी करकरीत. बाहेर बसलेल्यांना वाटतं की तिला कुठे काय कळतंय. कळतं हो. टिकत नाही, एवढंच.

माझी शेवटची पक्की आठवण गणपतीची होती. नेऱ्याच्या बाजूला आमचं गाव आहे, तिथे सासूबाईंच्या घरी आरती चाललेली. त्यापुढचे पाच महिने पुसले गेले होते, आणि उलव्याचा विमानतळ नेमका त्याच महिन्यांत सुरू झाला. त्यामुळे वॉर्डाच्या खिडकीतून अगदी कमी उंचीवरून उडणारं विमान दिसलं की मी दचकायचे. नरेश सांगायचा, विमानतळ सुरू झाला. मी विचारायचे, खरंच? कधी? मला आनंदही व्हायचा, कारण इतकी वर्षं आम्ही तिथला भराव आणि डंपरच बघत होतो. दहा मिनिटांनी पुढचं विमान, पुन्हा तोच आनंद. शेवटी त्याने ठळक अक्षरांत एक कागद लिहून भिंतीला चिकटवला. 'विमानतळ सुरू झालाय. हो, खरंच.' मी तो वाचायचे आणि विचारायचे, हे कुणी लिहिलंय?

हसा, आम्हीही आता हसतो. पण त्या कागदाच्या आदल्या दिवशी नरेश माझ्यावर ओरडला होता आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडला होता. हे मला सिस्टर रेश्माने नंतर सांगितलं. ती उरणच्या कोळीवाड्यातली. दर पाळीला येऊन म्हणायची, "मी रेश्मा. आपली पयलीच भेट हाय." अशा पहिल्या भेटी आमच्या किती झाल्या कोण जाणे. तिने मला एकदाही 'ओळखलंत का?' असं विचारलं नाही. तुमच्या घरी असं माणूस असेल तर कृपा करून 'आठवतंय का?' विचारू नका. दर वेळी वर्गासमोर नापास झाल्यासारखं वाटतं.

डॉक्टर मात्र विचारायचे, त्यांचं कामच ते. आंबा, खुर्ची, नदी, हे तीन शब्द पाच मिनिटांनी सांगा. मी त्यांना ही कसली चाचणी आहे, तिच्या मर्यादा काय, घोकंपट्टीने तीत काय फरक पडतो, हे सगळं सांगायचे. शब्द मात्र एकही नाही. पुस्तकातलं सगळं शाबूत होतं आणि सकाळचा नाश्ता गायब होता. असं का होतं हेही मला तोंडपाठ होतं, त्याचा उपयोग काही नव्हता.

वही

मार्चच्या सुरुवातीला मला नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटवर आणलं. श्रावणी तेव्हा बारावी सायन्सचे पेपर देत होती. रुग्णालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसून तिने अभ्यास केला होता, आणि एकाच पेपरासाठी मी तिला तीनदा शुभेच्छा दिल्या होत्या. घरात कपाटांवर चिठ्ठ्या लागल्या, चहा इथे, साखर इथे, गॅस बंद केलास का. मला माझ्याच घरात पाहुणी आल्यासारखं वाटायचं.

समुपदेशक बाईंनी वही ठेवायला सांगितली. रोज काय झालं ते त्यात लिहायचं आणि सकाळी उठल्यावर वाचायचं. माझं अक्षर तेव्हा वाट फुटेल तिकडे जात होतं, म्हणून लिहायचं काम श्रावणीने घेतलं. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची वही. मी तिला म्हटलं, मागच्या बाजूने माझे हरवलेले पाच महिनेही लिही. तिने आठवडाभर बसून लिहिले. ऑक्टोबरला तीन पानं दिली, त्यात दसरा होता, दिवाळीच्या मऊ पडलेल्या चकल्या होत्या आणि त्यावरून मी नरेशला मारलेले टोमणे होते. डिसेंबरला दोन पानं. नोव्हेंबरला दोन ओळी. 'नोव्हेंबरमध्ये विशेष काही नाही. गावी एक हळद होती, तू आली होतीस.'

एकोणीस वर्षं मी उत्तरपत्रिका तपासतेय. पोरांनी जिथे धडा वाचलेला नसतो किंवा काही लपवायचं असतं, तिथे वाक्यं अशीच आखूड होतात. हे माझ्या लक्षात आलं आणि दुसऱ्या दिवशी ते मी विसरले.

आणखीही काही गोष्टी खटकायला हव्या होत्या. सतरा वर्षांची पोर दीड महिना उलट बोलत नाही, चिडत नाही, हे कुठल्या घरात घडतं? गणपतीत ती आजीच्या बरोबरीने गायली होती, ते मला स्पष्ट आठवत होतं. आता ती घरात गुणगुणतसुद्धा नव्हती. माझ्या सासूबाई धवलारीण आहेत. आमच्या आगरी लग्नांत हळदीपासून प्रत्येक विधीला धवले म्हणतात, आणि ते गाणारी बाई ती धवलारीण. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही. शेकडो धवले त्यांच्या डोक्यात आहेत आणि एक कडवं इकडचं तिकडे होत नाही. श्रावणीचा गळा त्यांच्यावर गेलाय. तिचं गाणं का थांबलं, हे मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, परीक्षा आहे ना.

काकणं

रुग्णालयात माझ्या अंगावरचे दागिने काढून घेतले होते, आणि माझे रिकामे हात सासूबाईंना बघवत नव्हते. एरवी माझ्या एका हातात घड्याळ आणि एका हातात सोन्याची एकच बांगडी असते. काचेच्या बांगड्या मी लग्नकार्यापुरत्या भरते, कारण फळ्यावर लिहिताना त्या किणकिणतात आणि पोरं हसतात. पाडव्याच्या आधी सासूबाई आल्या आणि मला पनवेलच्या बाजारात कासाराकडे घेऊन गेल्या. दोन्ही हातांत डझन डझन हिरवी काकणं भरली. घरी आल्यावर त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रावणी ओट्याशी भेंडी चिरत होती. मी वरच्या फळीवरचा रव्याचा डबा काढायला हात वर केला, बांगड्या खळकन खाली आल्या, आणि ती खाली वाकली. डावा हात गालावर गेला. मग हसली आणि म्हणाली, झुरळ वाटलं गं.

संध्याकाळी मी दोरीवर टॉवेल टाकत होते, ती मागून जात होती. पुन्हा तिची मान खांद्यांत गेली. या वेळी झुरळाचंही नाव नव्हतं.

घंटा वाजली की जेवण मिळतं हे शिकलेल्या कुत्र्याच्या तोंडाला नुसत्या घंटेने पाणी सुटतं, हा प्रयोग मी दर वर्षी रंगवून सांगते. अन्नाच्या जागी चटका असला तर काय होईल, असं मुलांना विचारते. आता पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी माझ्या मुलीवर प्रयोग केला. एके दिवशी बांगड्या वर सरकवून त्यांवर रुमाल बांधला आणि तिच्याजवळ हात उगारून माळ्यावरचं काहीतरी काढलं. तिला काही झालं नाही. रुमाल सोडून तेच केलं, ती आक्रसली. तिसऱ्या वेळी मी हात वर नेलाच नाही, पाठीमागून नुसत्या बांगड्या वाजवल्या. तिचा चिरणारा हात थांबला.

हे वहीत आलं नाही. तरीही दुसऱ्या दिवशी उठल्यावर मला ते जसंच्या तसं आठवलं. मेंदूला हवं ते बरोबर टिकतं.

सोयीची आठवण

मी तिला सरळ विचारलं, मी तुला कधी मारलं होतं का? नाही गं मम्मी, ती म्हणाली, आणि वही उघडून आजची भाजी लिहायला लागली.

मग नरेशला विचारलं. तो कंटेनर यार्डात कामाला आहे, पाळीवर जायच्या आधी शर्टाला इस्त्री करत होता. त्याने एकाच बाहीवरून दोनदा इस्त्री फिरवली.

"तापाच्या आधी दोन-चार दिवस तू फार चिडचिड करत होतीस," तो म्हणाला. "हात उगारला असशील. आजार होता तो, सुवर्णा. ती तू नव्हतीस."

ते शेवटचं वाक्य मला इतकं गोड लागलं की मी ते आठवडाभर चघळत राहिले. डॉक्टरही म्हणाले होते की या आजारात तापाआधी स्वभाव बदलू शकतो. हळूहळू मला दिसायलाच लागलं. सकाळची वेळ, माझं तापलेलं कपाळ, उतू गेलेलं दूध, श्रावणीचं काहीतरी उद्धट उत्तर आणि माझा हात. शेगडीवर करपलेल्या दुधाचा वासही आला. पाच महिन्यांतली ही पहिली आठवण माझी मला परत मिळाली म्हणून मी समुपदेशक बाईंना आनंदाने फोन केला. आनंदाने! आपण पोरीला मारलं ते आठवलं म्हणून.

मोकळी जागा दिसली की मन ती भरून टाकतं आणि वर शपथही घेतं, हे मी एकोणीस वर्षं शिकवलंय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

मला अडवलं ते घड्याळाने. त्या दुधाच्या चित्रात माझ्या उजव्या हातात घड्याळ होतं. घड्याळ काही किणकिणत नाही. घरात मी काचेच्या बांगड्या घालत नाही. मग पोर बांगड्यांच्या आवाजाला का घाबरते?

मांडव

नरेशने मला गावी सोडलं आणि गाडी लावायच्या निमित्ताने बाहेरच रेंगाळला. सासूबाई अंगणात वाल निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले, दोन मुठी निवडल्या, आणि विचारलं, आई, मी याआधी हातभर काकणं कधी भरली होती?

त्यांचा हात सुपातच राहिला. "हलदीला," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. एका दमात नाही. मी विचारत गेले आणि त्या एकेक वाल निवडावा तसं देत गेल्या. तुळशीच्या लग्नानंतरची पहिलीच हळद होती, नात्यातल्या मुलीची. मी नटूनथटून, काकणं भरून संध्याकाळी थेट मांडवात पोचले. श्रावणीची त्या दिवशी क्लासमध्ये मोठी टेस्ट होती आणि ती तिथे असेल असं मी धरून चालले होते. ती मांडवात आजीशेजारी बसली होती. सासूबाई ओळ सोडत होत्या आणि ती उचलत होती. त्या दिवशी पहिल्यांदाच तिला मांडवात गायला बसवलं होतं. बायका कौतुकाने बघत होत्या.

मी सगळ्यांच्या मधून चालत गेले आणि तिच्या कानाखाली मारली. काकणं फुटून तिच्या मांडीवर पडली. धवला तिथेच तुटला.

"मी काय बोलले?" मी विचारलं.

त्या पुन्हा वाल निवडायला लागल्या. मी हात धरला तेव्हा म्हणाल्या, "तू बोललीस, तुमी अडानी ऱ्हायल्यात, माझ्या पोरीला तुमच्यासारखी करू नका."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. मला आठवावं म्हणून मी जिवाचा आटापिटा केला. मांडव नाही, तुटलेली काकणं नाही, काही नाही. उलट त्या खोट्या दुधाचा वास तेवढा येत होता.

"तेव्हा मला ताप होता का, आई?"

"नाय. तुला कायपन झालं नव्हतं. ताप तं दोन मयन्यांनी आला." त्यांनी सूप खाली ठेवलं. "धवला अर्ध्यावर तुटला तं तो घराला लागतो. तुला लागला. मीच पोरीला बोलले, मम्मीला यातलं काय सांगू नको. सांगशील तं ती परत पडंल."

माझ्या तोंडावर अख्खं व्याख्यान आलं होतं. विषाणू, मेंदू, अंधश्रद्धा, लहान मुलीच्या डोक्यात काय भरवलंत हे. रागाने माझे कान तापले होते. पण जिच्या डोक्यात शेकडो धवले आहेत, आणि मला तीन शब्दसुद्धा पाच मिनिटं धरून ठेवता येत नव्हते तेव्हा जी रोज रुग्णालयात डब्यातून पेज आणून मला भरवायची म्हणे, त्या बाईला मी भर मांडवात अडाणी म्हटलं होतं. शिक्षेने पोर शिकत नाही, मारणाऱ्याला भ्यायला शिकते, हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. पुराणातली वांगी पुराणात राहिली. मी ते व्याख्यान गिळलं आणि सूप माझ्याकडे ओढलं.

त्या हळदीनंतर सासूबाईंनी या मोसमात एकही लग्न घेतलं नव्हतं. आवाज बसलाय, असं लोकांना सांगत होत्या. मी त्यांच्या पाया पडले आणि माफी मागितली.

"तुला तं आठवत पन नाय," त्या म्हणाल्या. "जा, पोरीजवल जा."

परतताना गाडीत नरेश म्हणाला, त्याला वाटलं मी वाचलेय तर आता हे कशाला. मला त्याचा राग आला आणि दयाही आली. तो त्या मांडवात होता, त्यानेही तेव्हा मला अडवलं नव्हतं.

वेणी

श्रावणी बाल्कनीत कपडे काढत होती. मी म्हटलं, मी आजीकडे जाऊन आले. मला हळदीचं कळलं.

तिच्या हातातले कपडे खाली पडले. मला वाटलं ती रडेल, नाहीतर चिडेल. ती धावत आत गेली आणि थर्मामीटर घेऊन आली. माझ्या कपाळाला हात लावला, डोकं दुखतंय का विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत तो माझ्या तोंडात घातला. आम्ही दोघी सोफ्यावर बसून राहिलो. ती माझ्याकडे बघत होती, झटका येणाऱ्या माणसाकडे बघतात तशी. त्या एका मिनिटात मला कळलं की ही पोर गेले दोन महिने काय उरावर घेऊन माझ्यासाठी भेंडी चिरत होती. तिला वाटत होतं की तिने गायलं म्हणून मी पडले, आणि तिने सांगितलं तर मी मरेन. सायन्सला आहे ती. तिला विषाणू माहीत आहे. भीतीला मात्र तो माहीत नव्हता.

ताप नव्हता. तिने तो आकडा दोनदा वाचला.

मी म्हटलं, मला माफ कर.

"तुला आठवतच नाही," ती म्हणाली. "मग माफी कशाची मागतेस? पप्पा म्हणतात, ती तू नव्हतीस."

"मला आठवत नाही, श्रावणी. पण ती मीच होते. तेव्हा मला ताप नव्हता."

मग ती बोलली. दीड-दोन महिन्यांचं सगळं उलट बोलणं तिने एकदम काढलं. सगळ्यांच्या समोर मारलंस. आजीला बोललीस. नंतर दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोललीस. परीक्षा झाली की मीच सॉरी म्हणणार होते, आणि तू पडलीस, मग मी कुणाला म्हणणार होते? रुग्णालयात तू दर वेळी माझ्याकडे बघून हसायचीस, काही झालंच नाही असं, मला तुझा इतका राग यायचा आणि मग रागाची भीती वाटायची. मी ऐकत बसले. हात मांडीखाली धरून ठेवले होते, बांगड्या वाजू नयेत म्हणून.

ती शांत झाल्यावर मी निळी वही आणली आणि नोव्हेंबर पुन्हा लिहायला सांगितला. ती आधी नको म्हणाली. मग टेबलाशी बसून साडेतीन पानं लिहिली, मध्ये न उठता. माझं बोलणं तिने अवतरणचिन्हांत लिहिलंय. सासूबाईंनी सांगितलं त्यापेक्षा ते जास्त आहे.

ही पानं मी रोज सकाळी वाचते. पहिले काही दिवस मला आदल्या दिवशीचं वाचलेलं आठवत नसे. त्यामुळे रोज सकाळी ती बातमी नव्याने कळायची. समुपदेशक बाई म्हणाल्या, तेवढी पानं वगळली तरी चालतील. मी वगळली नाहीत. आता ती मला पाठ झालीत, पाढे पाठ होतात तशी, वाचून वाचून. आठवण म्हणून काही आलेलं नाही, आणि येणार नाही असं डॉक्टर म्हणतात. उतू गेलेल्या दुधाची ती खोटी सकाळ मात्र अजून येते, या पानांपेक्षा स्वच्छ दिसते, आणि त्यात मी आजारी असते. ती रोज हाताने बाजूला सारावी लागते. तुमच्या माणसाला सोयीची आठवण देऊ करताना एवढं लक्षात ठेवा, ती फार लवकर रुजते.

जूनमध्ये मला कॉलेजात रुजू व्हायचंय. अध्ययनाचा धडा मी कसा शिकवणार आहे, मला माहीत नाही. सासूबाईंना मी सांगितलंय की श्रावणीला हवं तेव्हा घेऊन जा. श्रावणी म्हणते, नंतर बघू. अजून ती घरात गात नाही.

गेल्या रविवारी ती तेलाची वाटी घेऊन आली आणि माझ्यापुढे पाठ करून बसली. केसांना तेल लावून वेणी घालून दे म्हणाली. आजारानंतर पहिल्यांदाच. मी बांगड्यांकडे बघितलं.

"काढून ठेवू का?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "राहू दे. सवय होऊ दे मला."

मी कंगवा घेतला आणि हात वर नेला. बांगड्या वाजल्या. तिची मान खांद्यांत गेली, दोन्ही हातांनी तिने स्वतःचे गुडघे घट्ट धरले, आणि ती तशीच बसून राहिली.